योसेफाने क्षमा केली, पण सही कशावर केली होती?

पत्र: मी भुसावळला राहते, माहेर चोपडा तालुक्यात. वडील २०२१ मध्ये वारले. सहा एकर जमीन, अर्ध्यात केळी, अर्ध्यात कापूस. सातबाऱ्यावर माय, दोघे भाऊ आणि मी अशी चार नावं लागली. तेव्हापासून सगळं उत्पन्न थोरला दादाच घेतो. वडिलांच्या दवाखान्यासाठी त्याने माझ्याकडून दीड लाख उसने नेले, तेही परत नाहीत. दफनविधीच्या दिवशी अंगणात चार लोकांसमोर तो मला ‘हिस्सा मागायला आली’ म्हणाला. त्यानंतर आमचं बोलणं बंद आहे. धाकटा सुरतला असतो, तो गप्प. आता दादाचा निरोप आला आहे: ‘माफ केलं म्हणतेस ना, मग हक्कसोड पत्रावर सही कर. योसेफाने भावांना माफ करताना हिशेब मागितला होता का? बाबांचीही तीच इच्छा होती.’ गेल्या रविवारी पाळकसाहेबांनीही योसेफावरच संदेश दिला. माय आजारी आहे, नाताळात सगळी लेकरं तिला एकत्र पाहायची आहेत. सही केली नाही तर मी क्षमा केली नाही असं होतं का? आणि तोवर मी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यावी की नको?

प्रिय ताई,

सही न करता क्षमा करता येते. आणि क्षमा न करताही सही होते, खानदेशातल्या कितीतरी बहिणी मनात जाळ ठेवून दर वर्षी ती करतात. तुमच्या पत्रात तीन गोष्टी एका दाव्याला बांधल्या आहेत: क्षमा, समेट आणि जमिनीचा हिशेब. त्या एकत्र बांधण्यात दादांची सोय आहे. शास्त्रात मात्र त्या वेगवेगळ्या चालतात, आणि दादांनी ज्याचं नाव घेतलं त्या योसेफाच्या गोष्टीत तर अगदी उघडपणे.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना बायबलमधल्या उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायातून, म्हणजे भावांनी त्याला विकलं तिथून, तुरुंग आणि मिसरच्या राजाची, फारोची, स्वप्नं उरकून थेट ४५व्या अध्यायात, गळाभेटीत, उडी मारली जाते. मधले ४२, ४३ आणि ४४ हे तीन अध्याय वाचायला कुणाला वेळ नसतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे.

योसेफ सतरा वर्षांचा असताना वीस शेकेल चांदीला विकला गेला. तीस वर्षांचा असताना फारोसमोर उभा राहिला, मग सुबत्तेची सात वर्षं गेली, आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू असताना त्याने भावांना ओळख दिली. म्हणजे मधे सुमारे बावीस वर्षं गेली. भाऊ धान्य घ्यायला पहिल्यांदा आले तेव्हा त्याने त्यांना लगेच ओळखलं, पण ओळख दिली नाही. हेर म्हणून तीन दिवस कोठडीत ठेवलं. भाऊ आपसांत बोलू लागले: आपला भाऊ गयावया करत होता, आपण ऐकलं नाही, त्याचीच ही शिक्षा. मधे दुभाषी होता, त्यामुळे याला आपलं बोलणं कळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. योसेफ बाजूला जाऊन रडला. आणि रडून परत आल्यावर त्याने काय केलं? शिमोनाला त्यांच्या डोळ्यांदेखत बांधून घेतलं. मन विरघळलं होतं, तरी व्यवहाराची दोरी त्याने हातची सोडली नाही. ४२व्या अध्यायातली २४वी ओवी काढून बघा, अश्रू आणि दोरी एकाच ओवीत आहेत.

मग योसेफाने धाकट्या बन्यामिनाच्या पोत्यात गुपचूप चांदीचा प्याला ठेववला. हा नुसता छळ वाटतो, पण रचना पाहा. योसेफाच्याच आईचा, राहेलचा धाकटा, बापाचा लाडका, संकटात सापडलेला. त्याला मिसरात टाकून घरी जायची मोकळी वाट. बावीस वर्षांपूर्वीचीच परिस्थिती पुन्हा उभी केलेली आहे, फक्त या वेळी काय करायचं ते भावांच्या हातात. त्या वेळी ‘याला विकून टाकू’ ही कल्पना ज्याची होती तो यहूदा आता पुढे येतो आणि म्हणतो, मुलाच्या जागी मला गुलाम ठेवा, त्याला बापाकडे जाऊ द्या. ते भाषण संपतं आणि मगच ४५वा अध्याय सुरू होतो. बदल बोलण्यातच नाही तर कृतीत दिसला, त्यातही स्वतःला तोशीस लावून घेऊन दिसला, तेव्हा योसेफाने दार उघडलं.

ओळख देतानाची पहिली वाक्यंही लक्षात घ्या. तो म्हणतो, मी तुमचा भाऊ योसेफ, ज्याला तुम्ही मिसरात विकलं तो. ‘झालं गेलं विसरा’ असं तो कुठेच म्हणत नाही. आधी कृत्याला नाव देतो आणि मग घाबरू नका म्हणतो. हे बोलण्याआधी त्याने सगळ्या मिसरी लोकांना खोलीबाहेर काढलं होतं, हेही विसरू नका. भावांचा गुन्हा त्याने चारचौघांत काढला नाही. अंगणात तुमच्या बाबतीत जे झालं त्याच्या बरोबर उलट.

हिशेबाचं म्हणाल तर योसेफाकडे कुणी काही मागतच नव्हतं. तो फारोखालोखालचा अधिकारी होता, धान्याच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या. क्षमा केल्याने त्याचं पोट, घर, हक्क काहीच जाणार नव्हतं. तुमच्या बाबतीत जमीन अजून दादांच्या ताब्यात आहे आणि वर सही तुम्हीच द्यायची आहे. हे दोन प्रसंग एका मापाने मोजता येत नाहीत.

‘बाबांचीही तीच इच्छा होती’ या वाक्यावर थोडं थांबू. उत्पत्तीच्या ५०व्या अध्यायात बाप याकोब मेल्यावर भावांनी योसेफाला अगदी असाच निरोप पाठवला: तुझ्या वडिलांनी मरण्यापूर्वी सांगितलंय की भावांना क्षमा कर. याकोबाने असं काही सांगितल्याची नोंद मागच्या कुठल्याही अध्यायात नाही. याकोब मिसरात येऊन सतरा वर्षं जगला, म्हणजे समेट होऊन सतरा वर्षं झाली होती, तरी भावांच्या मनातली भीती गेली नव्हती. योसेफ रडला, त्यांना धीर दिला, त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचं वचन दिलं. पण तेव्हाही ‘तुम्ही माझं वाईटच करायला निघाला होता’ हे त्याने स्पष्ट म्हटलं. तुमच्या वडिलांची इच्छा लेखी असेल तर ती मृत्युपत्रात असेल. तसा कागद असेल तर दाखवायला सांगा. नसेल तर त्यावर वाद घालू नका, विषय तिथेच सोडून द्या.

दादांना खरं तर दुसरी गोष्ट लागू पडते, याच याकोबाची आणि त्याच्या भावाची, एसावाची. तिथे चूक करणारा परत येतो. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून आशीर्वाद घेतला आणि मामाच्या गावी पळाला. आई रिबका म्हणाली होती थोडे दिवस राहा, त्याची वीस वर्षं झाली, आणि मायलेकांची पुन्हा भेट झाल्याचं शास्त्रात कुठे नाही. परतताना त्याने भावापुढे हात जोडून ‘माफ कर’ एवढंच म्हटलं नाही. आधी माल पाठवला: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, पिलांसह ३० दुभत्या सांडणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी आणि १० शिंगरं. पिलं सोडून ५५० जनावरं. तीही कळप वेगवेगळे करून, मधे अंतर ठेवून, म्हणजे एसावाला एकामागून एक भेटत जावीत. मग स्वतः सात वेळा जमिनीपर्यंत लवला. बापाच्या आशीर्वादात ‘तुझे भाऊबंद तुला नमन करोत’ असं होतं, तो चोरलेला मान त्याने इथे उलटा परत केला. एसाव ‘माझ्याकडे पुष्कळ आहे’ म्हणत होता, तरी याकोबाने आग्रह करून भेट घ्यायला लावली.

आणि इतकं होऊनही दोघे एकत्र राहिले नाहीत! एसाव म्हणाला चल बरोबर जाऊ. याकोब म्हणाला लेकरं लहान आहेत, तू हो पुढे, आणि एसाव सेईराला गेला, हा सुक्कोथला. पुढे बाप इसहाकाला मूठमाती द्यायला मात्र दोघे भाऊ एकत्र आले. भाऊबंदकीत इतकंही पुष्कळ असतं. तुमचा समेट रोजच्या फोनपर्यंत आणि एका चुलीपर्यंत गेला नाही तर तो खोटा ठरत नाही.

परतफेडीबाबत शास्त्र आकड्यात बोलतं. लेवीय ६ प्रमाणे शेजाऱ्याचं बुडवलेलं परत करताना मूळ अधिक पाचवा हिस्सा द्यायचा, तोही ज्या दिवशी दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, आणायचं त्याच दिवशी मालकाच्या हातात. म्हणजे देवाकडे जाताना धन्याचं देणं बाकी चालत नाही. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने तर चौपट द्यायची तयारी दाखवली. तुमच्या दीड लाखावर पाचवा हिस्सा धरला तर ३०,००० वाढून १,८०,००० होतात. तुम्ही तेवढे मागाच असं आम्ही म्हणत नाही. आमच्या मते मूळ रकमेवर थांबावं. पण ‘हिशेब मागणं ख्रिस्ती नाही’ हे ऐकवलं गेलं तर हा अध्याय माहीत असू द्या.

मुलीच्या वाट्याबद्दलही तसंच. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वतनभाग मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे (गणना २७). त्यांना भाऊ नव्हता, हे खरं, त्यामुळे तुमचा खटला हुबेहूब तसा नाही. पण ईयोबाच्या मुलींना भाऊ होते, आणि बापाने त्यांना भावांबरोबर वतन दिलं. आजच्या कायद्यात तर शंकाच नाही. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. वडिलांच्या नावची जमीन असून मृत्युपत्र नसेल, तर एक तृतीयांश आईला आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी सारखे. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. मायला ८० गुंठे, तुम्हा तिघांना प्रत्येकी ५३ गुंठ्यांच्या जरा वर, म्हणजे १ एकर १३ गुंठे. लग्नात दिलेलं यातून वजा होत नाही.

आता हक्कसोडीचं. आपल्या भागात बहिणीच्या हक्कसोडीला एक न बोललेली किंमत असते, ती म्हणजे माहेर. सही केली तर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोका, साडीचोळी, भावाचा शब्द. नाही केली तर दार बंद. या सौद्यावर क्षमेचं वेष्टन घातलं की बाईला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला खरंच हिस्सा नको असेल, दादांची ओढाताण पाहून द्यावासा वाटत असेल, तर द्या, पण आजारी माय आणि नाताळ यांच्या मधल्या दिवसांत देऊ नका. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र नंतर मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि सख्ख्या भावाविरुद्ध ते करण्यापेक्षा आज थांबणं सोपं आहे. कोऱ्या कागदावर, किंवा ‘फक्त बँकेच्या पीककर्जासाठी’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही नको. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि ‘घरी नेऊन वाचते’ एवढंच म्हणून पिशवीत टाका.

पुढची वाट मत्तय १८ मध्ये आहे, आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी दोघांनीच एकांतात बोलायचं, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा होतो. आधी प्रार्थनासभेत विषय निघतो, मग कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि समोरासमोर बोलणं कधीच होत नाही. दादांनीही निरोप पाठवला, स्वतः आले नाहीत. म्हणून तुम्ही एक साधा मेसेज फक्त त्यांना टाका: ‘दादा, मी तुमच्यावर सूड धरून बसलेली नाही. नाताळात मायला भेटायला येते. त्या दिवशी जमिनीचा विषय नको. जानेवारीत आपण दोघं बसू, चोपड्याला किंवा भुसावळला, तुम्ही म्हणाल तिथे.’ यापेक्षा लांब लिहू नका. लांब मेसेजमधलं एक वाक्य तोडून दहा लोकांना दाखवलं जातं.

जानेवारीच्या बैठकीआधी एका पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा: अंगणातलं बोलणं, दीड लाख, आणि २०२१ पासूनचं उत्पन्न. प्रत्येकीपुढे तुम्हाला काय हवंय तेही. अंगणातल्या बोलण्याला पैसे नकोत, त्याला दादांचे शब्द हवेत, आणि अपमान चारचौघांत झाला असेल तर ते शब्दही निदान त्यांतल्या दोघांसमोर. उत्पन्नाच्या बाबतीत न्यायाने वागा. केळीच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि कापसाच्या पावत्या मागा, पण खत, ठिबक, मजुरी आणि दादांचे स्वतःचे कष्ट त्यातून वजा धरा. वादळाने बाग आडवी पडली ते वर्ष, भाव कोसळला ते वर्ष, हेही धरा. सगळं उत्पन्न नफाच होतं असं गृहीत धरून बसलात तर बोलणं दहा मिनिटांत तुटेल, आणि चूक तुमची असेल.

दोघांत जमलं नाही तर साक्षीदार म्हणून धाकट्या भावाला बोलवा. गप्प राहण्याची सवय त्याला सोडावी लागेल, त्याचाही हिस्सा अडकलेला आहे. बाहेरचा एखादा वडीलधारा, ज्याला दादांचंही देणंघेणं नाही आणि तुमचंही. मायला मधे घेऊ नका. इसहाकाच्या घरात आई एका मुलाची आणि बाप दुसऱ्याचा झाला होता, तिथून काय काय निघालं ते वर आलंच आहे.

तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करण्यापर्यंत वेळ आली, तर कुणीतरी प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा ६वा अध्याय काढेल: भाऊ भावावर फिर्याद करतो, त्यापेक्षा अन्याय सोसा. वचन खरं आहे. त्याला पुढची ओवी वाचायला सांगा, तिथे पौल अन्याय करणाऱ्या आणि बुडवणाऱ्या भावांनाच धरतो. त्याआधी तो विचारतो की भावाभावांचा न्याय करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय. मंडळीने तो शहाणा दिला, तर तहसीलची पायरी चढायची गरज नाही. लूक १२ मध्ये वाटणीसाठी आलेल्या माणसाला येशूने परत पाठवलं आणि लोभाविषयी बजावलं. ते तुम्हालाही लागू आहे, जसं दादांना. रात्री एकट्या असताना स्वतःला विचारा: उद्या ५३ गुंठे मिळाले आणि दादा बोलला नाही, तर समाधान होईल का? उत्तर नाही आलं, तर बैठकीत अंगणाचा विषय आधी घ्या, जमिनीचा मागून.

आणि क्षमा? ती मार्क ११:२५ मध्ये आहे: प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. हे देवासमोर आहे, दादा तिथे नसतात, त्यांच्या पश्चात्तापाची अट नाही. लूक १७:३ मध्ये मात्र भावाने अपराध केला तर त्याला समज दे, पस्तावला तर क्षमा कर, असं आहे. ते भावासमोर आहे. पहिली आजच होऊ शकते, अर्धवट झाली तरी रोज करता येते. दुसरी दादांशिवाय होत नाही. मत्तय १८ च्या दाखल्यातल्या चाकराचं दुसऱ्याकडे शंभर दिनारांचं येणं होतं. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे शंभर दिवसांचे कष्ट. प्रभूने ती रक्कम क्षुल्लक म्हटली नाही, फक्त त्या चाकराला धन्याने जे मोठं देणं माफ केलं होतं त्याच्यापुढे ठेवली. तेव्हा तुमचं दुखणं लहान मानायची सक्ती कुणी करू नये. राग बोलायला शब्द हवे असतील तर स्तोत्र ५५ आहे, शत्रूने नव्हे तर जवळच्या माणसाने दगा दिला अशी तक्रार त्यात सरळ देवापुढे मांडली आहे.

प्रभुभोजन घ्या. मत्तय ५:२३ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी जा असं ज्याला सांगितलंय, त्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे. म्हणजे आधी उठायचं ते अपराध करणाऱ्याने. पौलाने अयोग्य रीतीने खाण्याविषयी बजावलं ते करिंथच्या ज्या सभेत, तिथे काही जण पोटभर जेवत होते आणि दुसऱ्यांना उपाशी ठेवत होते. आत्मपरीक्षा करा, आणि मग भाकरी खा, असंच तिथे आहे. पाळकसाहेबांना भेटून एवढं सांगा की समेटाला तुमची तयारी आहे, सहीला नाही, आणि जानेवारीच्या बैठकीनंतर गरज पडली तर साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलवाल. तोवर दादांचा निरोप त्यांनी आणू नये.

नाताळाला सकाळच्या उपासनेनंतर माहेरी जा, मायजवळ बसा, जेवा, आणि उजेड असतानाच निघा. घरातले सगळे एकत्र बसून विषय काढतात ते बहुधा संध्याकाळी. नवऱ्याला बरोबर घ्या, पण त्यांनी बोलायचं नाही हे आधीच ठरवा. जावयाने तोंड उघडलं की जमिनीचा वाद दोन घरांचा होतो.